बेचाळीसचे कागद आणि आपले दप्तर

(शेंदूरजनाघाट येथे पक्षाचे कार्यकर्ते आणि ग्रंथालयांचे चालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वरूड तालुक्यात बेचाळीसच्या लढ्याची ओळख करून देण्याची गरज नाही. याच तालुक्यातील बेनोडा गावाच्या नावाला ‘शहीद’ हा शब्द कायमचा जोडला गेला आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये तेथे गोळीबार झाला, माणसे मारली गेली. पलीकडे वर्धा जिल्ह्यातील आष्टी आणि त्या वेळच्या चांदा जिल्ह्यातील चिमूर येथे १६ ऑगस्ट १९४२ रोजी जे घडले, ते साऱ्या देशाला माहीत आहे. दरवर्षी ऑगस्ट महिन्यात हुतात्मा स्मारकांवर फुले वाहिली जातात, भाषणे होतात, शाळांतील मुले घोषणा देतात. हे सर्व योग्यच आहे. परंतु या दिवसांचा इतिहास उद्या कोणी लिहावयास बसला, तर त्याच्या हाती कोणते कागद पडतील, हा प्रश्न स्मारकासमोर उभे राहून सहसा विचारला जात नाही. तो विचारणे हेच या व्याख्यानाचे प्रयोजन आहे.

त्याचे उत्तर अस्वस्थ करणारे आहे. त्याच्या हाती प्रामुख्याने सरकारचे कागद पडतील. मध्यप्रांत आणि वऱ्हाड सरकारच्या गृहखात्याचे अहवाल, पोलिसांच्या नोंदी, न्यायालयांतील निकालपत्रे आणि सामुदायिक दंडाचे हुकूम हे ते कागद होत. या कागदांत गावकऱ्याला बहुधा नाव नसते. तो ‘जमाव’ असतो. नाव मिळते ते आरोपी म्हणून, आणि तोंडी घातलेले शब्द असतात ते जबाब लिहून घेणाऱ्याच्या भाषेतले. लढा लोकांनी दिला आणि त्याचे दप्तर मात्र सरकारने ठेवले, अशी ही स्थिती आहे.

याचा एक ठळक दाखला आपल्याच प्रांतातला आहे. बेचाळीसच्या उठावाची जबाबदारी काँग्रेसवर टाकता येईल असा पुरावा एकत्र करण्याचे काम त्या वेळच्या सरकारने विकेंडन या सनदी अधिकाऱ्याकडे सोपविले. हा अधिकारी मध्यप्रांत आणि वऱ्हाडातील न्यायखात्यात होता. त्याचा गुप्त अहवाल सरकारी दप्तरात सुखरूप राहिला आणि १९७६ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्धही झाला. तो वाचणे आवश्यक आहे, कारण त्यात माहिती विपुल आहे. परंतु तो फिर्यादीने रचलेला पुरावा आहे. दुसऱ्या बाजूचे कागद तितक्याच काळजीने कोणी जपले नाहीत, म्हणून फिर्यादीचे दप्तर हेच इतिहासाचे मुख्य साधन होऊन बसले.

कागद जाळणारे आणि कागद मागणारे

लोकांच्या बाजूचे कागद का उरले नाहीत, याचे कारण केवळ आळस किंवा अज्ञान नव्हे. त्या काळात कागद बाळगणे हाच गुन्हा होता. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच भारत संरक्षण कायदा आणि त्याखालील नियम आले. जयप्रकाश नारायण ९ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री, ऐन दिवाळीत, हजारीबागच्या तुरुंगाची भिंत ओलांडून निसटले आणि त्यानंतर त्यांनी स्वातंत्र्यसैनिकांना उद्देशून पत्रे लिहिली. ती चक्रमुद्रित होऊन हातोहात देशभर गेली. असे एखादे पत्रक झडतीत सापडले की घरधन्याच्या हातात बेड्या पडत. म्हणून भूमिगत कार्यकर्त्याला पहिला धडा मिळे तो हाच: वाच, दुसऱ्याला सांग आणि जाळून टाक. ज्याने हा धडा नीट पाळला, त्याने सोबती वाचविले. पण स्वतःच्या कामाचा मागमूसही ठेवला नाही.

पुढे तीस वर्षांनी याच माणसाकडे कागद मागितला गेला. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, १५ ऑगस्ट १९७२ पासून, केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतनाची योजना सुरू केली. १९८० मध्ये तिचे स्वरूप व्यापक करण्यात आले आणि तिला सन्मान योजनेचे नाव मिळाले. योजना न्याय्य होती. तिच्यामागचा कृतज्ञतेचा भावही खरा होता. पण तिचा दरवाजा कागदाचा होता. सर्वसाधारणपणे सहा महिन्यांचा कारावास भोगल्याचा दाखला हवा. भूमिगत असल्यास फरारी जाहीर झाल्याचा, डोक्यावर बक्षीस लागल्याचा किंवा स्थानबद्धतेचा हुकूम निघाल्याचा पुरावा हवा. दप्तर उपलब्ध नसेल, तर दीर्घ तुरुंगवास सिद्ध झालेल्या एखाद्या मान्यवर स्वातंत्र्यसैनिकाचे प्रमाणपत्र हवे.

या अटींचा सामाजिक अर्थ ध्यानात घेतला पाहिजे. जो पकडला गेला, त्याची नोंद तुरुंगाच्या वहीत झाली. जो शिकलेला होता, त्याने अर्ज नीट लिहिला. ज्याची पुढाऱ्यांशी ओळख होती, त्याला प्रमाणपत्र मिळाले. परंतु ज्या शेतमजुराने रात्री भूमिगतांना डोंगराची वाट दाखविली, ज्या बाईने चार अनोळखी माणसांच्या भाकरी थापल्या आणि पोलीस पाटलाला कळू दिले नाही, त्यांच्याजवळ काय होते? त्यांच्या शौर्याचा पुरावा हाच होता की त्यांचा पुरावा सापडला नाही. उलट, खोटी प्रमाणपत्रे मिळवून निवृत्तिवेतन घेतल्याची प्रकरणे महाराष्ट्रात न्यायालयापर्यंत गेली. खऱ्याजवळ कागद नाही आणि खोट्याजवळ कागद आहे, ही विटंबना ज्या समाजाने पाहिली, त्याने दप्तराला केवळ पंडितांचा छंद समजू नये. दप्तर हा हक्काचा प्रश्न आहे. जमिनीच्या सातबाऱ्याइतकाच तो खरा आहे.

शब्द कसे वाचतात याचे एक विलक्षण उदाहरण काँग्रेस रेडिओचे आहे. ऑगस्ट ते नोव्हेंबर १९४२ या काळात मुंबईत उषा मेहता आणि त्यांचे सहकारी हे गुप्त आकाशवाणी केंद्र चालवीत होते. डॉ. राममनोहर लोहिया यांचा त्याच्याशी निकटचा संबंध होता. ही भाषणे हवेत विरून जावयाची होती. ती आज वाचावयास मिळतात याचे मोठे श्रेय पोलिसांकडे जाते. त्यांनी ती ऐकून टिपून घेतली आणि सरकारी दप्तरात ठेवली. चळवळीचा आवाज चळवळीच्या शत्रूने जपला, यात विनोद आहे आणि इशाराही आहे. शत्रूला ज्याची गरज वाटली तेवढेच त्याने जपले. उरलेले गेले.

एक प्रत शिल्लक राहिली

व्यक्तीने जपलेल्या कागदाचे मोल किती असू शकते, हे पाहण्यासाठी युद्धकाळातील दुसऱ्या एका दप्तराकडे वळावे लागेल. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे अन्नावाचून मेली. सरकारने १९४४ मध्ये सर जॉन वुडहेड यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. १९४५ मध्ये त्याचा बंगालविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्याने मृतांची संख्या सुमारे १५ लाख धरली. पुढील संशोधकांचे अंदाज ३० लाखांच्या आसपास जातात. आयोगासमोर अधिकारी, व्यापारी, डॉक्टर, राजकीय पक्ष आणि मदतकार्य करणाऱ्या संस्था यांच्या साक्षी झाल्या, त्या बंद दाराआड. या साक्षींच्या प्रती नष्ट कराव्यात असे ठरले.

आयोगाच्या सभासदांपैकी सर मणिलाल नानावटी हे बडोदा संस्थानात सहकार आणि शेतीचे काम केलेले अर्थशास्त्रज्ञ होते. आयोगावर येण्यापूर्वी ते रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर होते आणि मुंबईत शेती-अर्थशास्त्राच्या अभ्यासकांची अखिल भारतीय परिषद उभारण्यातही त्यांचा मोठा वाटा होता. त्यांनी आपली प्रत नष्ट केली नाही. ती राहिली आणि कालांतराने नवी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘नानावटी कागदपत्रे’ म्हणून दाखल झाली. बंगालच्या दुष्काळावर गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत जे मूलभूत संशोधन झाले, त्यातील काही महत्त्वाचे ग्रंथ या एका प्रतीच्या आधाराने लिहिले गेले. होड्या जप्त झाल्या तेव्हा काय झाले, तांदूळ कोणी दडविला, कोणत्या अधिकाऱ्याला केव्हा काय ठाऊक होते, हे अहवालाच्या सावध वाक्यांपलीकडे जाऊन पाहता आले ते त्यामुळेच.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. नानावटी हे क्रांतिकारक नव्हते. ते सरकारच्या विश्वासातले गृहस्थ होते. त्यांनी मोर्चा काढला नाही, बंड केले नाही. एक बाड जपून ठेवले, एवढेच. पण मेलेल्या लक्षावधी माणसांच्या वतीने साक्ष देणारे ते बाड आज साम्राज्याच्या अब्रूवर भारी पडते.

वऱ्हाडालाही वैयक्तिक दप्तराचा वारसा आहे. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे यांनी अनेक वर्षे नेमाने दैनंदिनी लिहिली. लोकमान्यांच्या या सहकाऱ्याच्या रोजनिश्या आज राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. पहिल्या महायुद्धाच्या काळातील वऱ्हाडचे राजकारण समजून घेणाऱ्याला त्या टाळून पुढे जाता येत नाही. त्यांच्या चिरंजीवांनी १९६२ मध्ये लिहिलेल्या चरित्रालाही याच लिखाणाचा आधार होता. परंतु खापर्डे नामांकित वकील होते, इंग्रजीत लिहीत होते, आणि त्यांच्या घरी लिहिलेले जपणारी पुढची पिढी होती. ज्याच्या घरी कपाट असते त्याचे कागद राहतात; ज्याच्या घराचे छप्पर गळते त्याचे वाहून जातात. म्हणजे संपत्तीची विषमता माणसाच्या आयुष्याबरोबर संपत नाही. ती त्याच्या स्मृतीपर्यंत जाऊन पोहोचते. समाजवादी म्हणविणाऱ्यांनी या विषमतेचाही विचार करावयास हवा.

महागाईचा हिशेब घराघरांत

युद्धकाळाचे कागद म्हणजे केवळ पत्रके आणि तुरुंगातील पत्रे असा समज आहे. तो अपुरा आहे. युद्धाचा खर्च भारताकडून कसा वसूल केला गेला, हे पाहावयाचे असेल तर आकडे उपलब्ध आहेत. १९३९ मध्ये चलनात सुमारे १८० कोटी रुपयांच्या नोटा होत्या. युद्ध संपेपर्यंत त्या सुमारे १,२०० कोटींवर गेल्या. घाऊक किमती दुपटीहून अधिक वाढल्या. इंग्रज सरकार येथून माल घेई आणि त्याच्या बदल्यात लंडनमध्ये भारताच्या नावाने रक्कम मांडून ठेवी. ही शिल्लक युद्धाअखेर सुमारे १,७०० कोटी रुपयांपर्यंत गेली. माल आज न्यावयाचा आणि पैसे पुढे केव्हातरी द्यावयाचे, असा हा व्यवहार होता. मधल्या काळात नोटा छापल्या गेल्या आणि त्याची किंमत भाकरीच्या भावात गरिबाने मोजली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ यांनी नी. वि. सोवनी यांच्यासह १९४३ मध्येच सरकारच्या या युद्धकालीन धोरणाची चिकित्सा करून ठेवली आहे.

पण हे झाले साऱ्या देशाचे आकडे. वऱ्हाडातल्या कुळाला युद्ध कसे लागले? येथील आखूड धाग्याच्या कापसाचे मोठे गिऱ्हाईक जपान होते. १९४१ मध्ये तो बाजार बंद झाला. कापूस घरात पडला, आणि ज्वारी, कापड, रॉकेल मात्र महागत गेले. नंतर ‘अधिक धान्य पिकवा’ ही मोहीम आली, नियंत्रणे आली, शिधापत्रिका आल्या. १९४३ मध्ये तांबे वाचविण्यासाठी भोकाचा पैसा आला. या सर्वाची खरी नोंद कोठे असेल? एखाद्या दुकानदाराच्या रोजमेळात, सावकाराच्या खातेवहीत, अडत्याच्या पट्टीत, सैन्यात गेलेल्या मुलाने घरी पाठविलेल्या आणि सेन्सॉरने काळे फासलेल्या पत्रात, किंवा शिक्षकाने ठेवलेल्या टिपणवहीत. या वह्या जुन्या वाड्यांत, धान्याच्या कोठ्यांत, माळ्यावरच्या पेटीत आजही असतील. घर पाडताना त्या रद्दीत जातात. रद्दीवाल्याला किलोचा भाव कळतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

शेंदूरजनाघाटच्या माणसाला नोंदीचे महत्त्व वेगळे पटवून द्यावे लागू नये. संत्र्याच्या कलमांचा व्यवसाय येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. खुंट कोणता, डोळा कोणत्या झाडाचा, हे ठाऊक नसेल तर कलम डौलदार दिसूनही सात-आठ वर्षांनी बाग फसते. ऐतिहासिक कागदाचेही तसेच आहे. तो कोणी लिहिला, केव्हा लिहिला, कोणाच्या घरातून आला, ही त्याची वंशावळ कळली नाही तर त्याचे निम्मे मोल जाते.

आपलेच दप्तर

येथवर सरकारला आणि समाजाला बोल लावून झाले. आता पक्षाकडे पाहिले पाहिजे. समाजवादी चळवळीने १९३४ पासून किती फाटाफुटी आणि किती विलीनीकरणे पाहिली, याची उजळणी येथे नको. १९५२, १९५५, १९६४, १९७७ ही वर्षे नुसती उच्चारली तरी पुरे. प्रत्येक वेळी ठराव कोणाचा खरा, निशाणी कोणाची, कार्यालयाची किल्ली कोणाकडे, यावर कडाक्याचे वाद झाले. कार्यालयातील दप्तर कोणाचे, यावर कोठे वाद झाल्याचे ऐकिवात नाही. ते कोणालाच नको होते. जिल्हा शाखांची इतिवृत्ते, शेतमजुरांच्या मोर्चांची निवेदने, सत्याग्रहींच्या याद्या आणि अभ्यासवर्गांची टिपणे भाड्याची खोली सोडताना कोपऱ्यात राहिली. ज्यांनी सरकारी इतिहासाला पर्यायी इतिहास द्यावयाचा, त्यांनीच आपला पुरावा पावसात ठेवला.

दिल्लीच्या तीन मूर्ती भवनातील ग्रंथालयात जयप्रकाशजींचे कागद आहेत, अखिल भारतीय काँग्रेस समितीचे दप्तर आहे, अनेक नेत्यांच्या ध्वनिमुद्रित मुलाखती आहेत. पूर्वी नेहरूंच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेचे नाव २०२३ मध्ये बदलले. सरकारे बदलतात तशा पाट्या बदलतात. अभ्यासकाला कपाट उघडून मिळते की नाही, एवढीच कसोटी पाटीच्या पलीकडे टिकणारी आहे. कागद दिल्लीत आहेत हे चांगलेच आहे. तथापि दिल्लीला नेते जातात. बेनोड्याचा कार्यकर्ता जात नाही. त्याचे कागद गोळा करावयास दिल्लीहून कोणी येणार नाही. राज्याच्या पुराभिलेख खात्याचे नागपूर येथे कार्यालय आहे. तेथे जुन्या प्रांताचे दप्तर आहे. पण तेही मूलतः शासनाचे दप्तर. सार्वजनिक अभिलेखांचा १९९३ चा केंद्रीय कायदाही सरकारी कागदांसाठी आहे. खाजगी कागद देणगी म्हणून स्वीकारण्याची मोकळीक त्यात असली, तरी ते शोधून आणण्याचे काम कायदा करीत नाही. ते कार्यकर्त्यानेच करावयाचे आहे.

करावयाचे काम

हे काम फार खर्चाचे नाही. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानंतर महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत सार्वजनिक ग्रंथालये पोहोचली आहेत. त्यांतील एका कपाटापासून आरंभ करता येईल. गावातल्या दहा जुन्या घरांची यादी करावी. तेथे जाऊन कागद मागू नयेत. प्रथम पाहू देण्याची विनंती करावी. पुष्कळ घरांना मूळ कागद देववत नाही, आणि त्यांची भावना रास्त आहे. अशा वेळी उजेडात नीट छायाचित्रे घ्यावीत आणि मूळ कागद घरातच राहू द्यावा. जे कागद दान म्हणून मिळतील, त्यांची पावती द्यावी. कुटुंबाला एखादा मजकूर काही वर्षे बंद ठेवावासा वाटला, तर तसे लिहून घ्यावे आणि शब्द पाळावा.

प्रत्येक कागदाला क्रमांक द्यावा आणि सूचीवहीत पाच गोष्टी लिहाव्यात: लिहिणारा, दिनांक, विषय, आजवर कोणाकडे होता आणि कोठून मिळाला. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये. काही वर्षांनी ती कागदच खाऊन टाकते. गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढाव्यात. प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद कोंडू नयेत, कारण ओल आत राहते. जुन्या दप्तरखान्यांतला सुती रुमाल आजही उपयोगी आहे. कपाट भिंतीपासून आणि जमिनीपासून दूर ठेवावे, म्हणजे वाळवीला वाट मिळत नाही. भ्रमणध्वनीवरची चित्रे दोन ठिकाणी ठेवावीत. यंत्र बिघडले म्हणजे स्मृतीही जाते, हा अनुभव आता घरोघरचा आहे.

आणखी एक पथ्य आहे. आपल्या बाजूचे तेवढेच कागद घ्यावयाचे, हा मोह टाळला पाहिजे. पोलीस पाटलाची वही, सावकाराचे खाते, सरकारधार्जिण्या मालगुजाराचे पत्र, लोकयुद्धाची भूमिका घेणाऱ्या कम्युनिस्टांची पत्रके, हे सर्व जपावयास हवे. आष्टीला गावकरी मारले गेले आणि पोलीसही मारले गेले. चळवळीच्या कागदांत एखादी अडचणीची गोष्ट निघाली, तर ती झाकू नये. जे इतरांकडून खऱ्या इतिहासाची मागणी करतात, त्यांनी आपल्या पेटीतून गैरसोयीची पाने काढून टाकणे शोभणारे नाही.

कोणी म्हणेल की महागाई, बेकारी, संत्र्याच्या भावाचा प्रश्न, शेतकऱ्यांच्या आत्महत्या, हे सारे समोर असताना जुनी बाडे कसली शोधता? या आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे. १९४२ च्या नोव्हेंबरात प्राध्यापक भणसाळी यांनी चिमूरच्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून उपवास आरंभिला, तो प्रथम व्हाइसरॉयच्या मंडळात असलेल्या वऱ्हाडच्याच लोकनायक अणे यांच्या दिल्लीतील दारी. सरकारने चौकशी केली नाही. त्या उपवासाच्या बातमीवर बंदी घातली. जानेवारी १९४३ मध्ये देशातील वृत्तपत्रांनी निषेधार्थ एक दिवस प्रकाशन बंद ठेवले. उपवास त्रेसष्ट दिवस चालला. चिमूरच्या बायकांवर काय गुदरले, हे लिहिले जाऊ नये यासाठी एका साम्राज्याने एवढी शक्ती वेचली. आष्टी-चिमूरच्या कैद्यांना फासापासून वाचविण्यासाठी अनसूयाबाई काळे यांना देशभर हिंडावे लागले, तेव्हाही हाती होते ते लोकांकडून मिळवलेले निवेदन आणि वस्तुस्थितीचा तपशील. अन्याय करणाऱ्याला नोंदीचे भय असते. म्हणून नोंद ठेवणे हे लढ्यानंतरचे फावल्या वेळचे काम नाही. ते लढ्याचेच अंग आहे. आजच्या शेतकऱ्याच्या दैन्याचा हिशेब मागावयाचा, तर आजची निवेदने, आजच्या बाजारपट्ट्या, आजच्या कर्जाच्या नोटिसा याच कपाटात आल्या पाहिजेत.

बेचाळीसला ऐंशीहून अधिक वर्षे झाली. ते दिवस डोळ्यांनी पाहिलेली माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी आहेत. त्यांच्या सुना-नातवंडांच्या हाती ज्या पेट्या आहेत, त्यांच्या किल्ल्याही हरवत चालल्या आहेत. येत्या ऑगस्टला स्मारकावर फुले वाहण्यास जाताना प्रत्येक शाखेने किमान एका घरातील कागदांची सूची पूर्ण करून सोबत न्यावी आणि तेथे ती वाचून दाखवावी. हुतात्म्यांना वाहिलेल्या आदरांजलीत तेवढी एक भर पडली, तरी कामाला सुरुवात झाली असे म्हणता येईल.